चार्ज बदलल्यावर

अदालत रोडच्या सत्र न्यायालयात त्या दुपारी शवविच्छेदन करणारे घाटी रुग्णालयातले डॉक्टर साक्षीला उभे होते. खटला हुंडाबळीचा, जुन्या दंड संहितेतल्या ३०४-ब आणि ४९८-अ या कलमांखालचा. नवरा हर्सूल कारागृहातून आणलेला, सासू जामिनावर. सुनेनं गळफास घेतला हे आतापर्यंत दोन्ही बाजूंनी धरूनच चाललं होतं. सरतपासात डॉक्टर म्हणाले, गळ्यावरचा वळ आडवा आहे आणि पूर्ण फिरलेला आहे. लटकल्याचा वळ सहसा तिरका, कानामागे वर जाणारा असतो. न्यायाधीशांनी ते वाक्य स्टेनोकडून पुन्हा वाचून घेतलं.

पुढच्या तारखेला सरकारी वकिलांनी चार्ज ऑल्टर करण्याचा, म्हणजे दोषारोप बदलण्याचा, अर्ज दिला: खुनाचं कलम ३०२ वाढवावं. बचाव पक्षाचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, आला की असा अर्ज करण्याचा पक्षकारांना हक्कच नाही. मुद्दा बिनतोड होता. पी. कार्तिकलक्ष्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलंय. हा अधिकार फक्त न्यायालयाचा. म्हणून न्यायाधीशांनी अर्ज निकाली काढला आणि पुराव्यावर बोट ठेवून, स्वतःच्या अधिकारात, ३०२ चा पर्यायी दोषारोप ठेवला. पुराव्यावर बोट ठेवणं महत्त्वाचं. राजबीर खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ३०४-ब सोबत सर्वसाधारणपणे ३०२ लावा असं सांगितलं, तेव्हा ते सर्रास चिकटवलं जाऊ लागलं. २०१३ च्या जसविंदर सैनी निकालानं ते थांबवलं: खुनाकडे बोट दाखवणारा पुरावा हवा.

फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २१६ म्हणतं, निकाल देईपर्यंत दोषारोप केव्हाही बदलता येतो. १ जुलै २०२४ पासून तेच नागरिक सुरक्षा संहितेचं २३९ झालंय, पण आधीपासून चालू असलेला खटला जुन्याच प्रक्रिया संहितेनं चालतो. ‘केव्हाही’ किती ताणता येतं, ते शक्ती मिल सामूहिक बलात्कार खटल्यात दिसलं. मार्च २०१४ मध्ये आरोपी दोषी ठरल्यानंतर, शिक्षेच्या आधी, पुन्हा गुन्हा करणाऱ्यासाठीचं ३७६-इ कलम वाढवलं गेलं आणि ४ एप्रिलला तिघांना फाशी सुनावली गेली. २०२१ मध्ये उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली.

आमच्याकडे नवा दोषारोप जेमतेम एका पानाचा. तो मराठीत वाचून दाखवला, समजला का विचारलं. ‘समजला. गुन्हा कबूल नाही.’ पाच मिनिटांत उरकलं. सासूला मात्र ते समजलं नव्हतं. तिनं बाहेर येऊन वकिलांना विचारलं, ‘आता केस नवीन सुरू होणार का?’

तसंही होऊ शकतं. बदलामुळे बचावाला धक्का बसणार नसेल तर न्यायालय तिथूनच पुढे जातं. बसणार असेल तर तहकुबी देतं किंवा खटला नव्यानं चालवतं. इथे तहकुबी मिळाली, आणि खरं काम सुरू झालं.

शेजारीण साक्षीत सहज म्हणून गेली होती, ‘दार लावलेलं होतं.’ उलटतपासात कुणी तिला कडीबद्दल एक शब्द विचारला नव्हता. का विचारावा? तेव्हा भांडण पैशांच्या मागणीचं होतं. मृत्यूच्या आधी छळ झाला की नाही, त्यावर सगळा उलटतपास खर्ची पडला होता. आता कडी आतून होती की बाहेरून, यावर जन्मठेप अवलंबून. पंचनाम्यातही दाराबद्दल एकच ओळ. कलम २१७ नेमकं यासाठीच आहे: तपासलेले साक्षीदार दोन्ही बाजूंना पुन्हा बोलावता येतात, पण बदललेल्या आरोपापुरतेच.

बचावानं झाडून सगळ्यांचा रिकॉल मागितला. सरकारी वकील म्हणाले, निव्वळ वेळकाढूपणा. नाकारायचं तर कारण लेखी द्यावं लागतं, ते न्यायाधीशांनी दिलं: माहेरची मंडळी घटनेच्या वेळी घरात नव्हती, त्यांना नव्यानं विचारण्यासारखं काही नाही. शेजारीण, पंच आणि डॉक्टर मंजूर. मला हा आदेश मूळ चार्जच्या आदेशापेक्षा जास्त विचारानं लिहिलेला वाटला. उलट्या बाजूनं पाहिलं तर त्याचं मोल कळतं. नुसत्या ३०२ खाली चाललेल्या खटल्यात, शिक्षा हलकी आहे म्हणून आरोपीला ३०४-ब खाली थेट दोषी धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये मुल्तानी खटल्यात म्हटलं. कारण हुंडाबळीत कायदा आरोपीविरुद्ध गृहीतक धरतो आणि ते खोडायची संधी त्याला मिळालेलीच नसते.

रोजनाम्यात पुढची तारीख पडली. डॉक्टरांची मधल्या काळात बदली झाली होती. त्यांचा फेर उलटतपास व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर घ्यायचं ठरलं, आणि त्यानंतर दोघा आरोपींचे, पुराव्यावर त्यांचं म्हणणं विचारणारे, कलम ३१३ चे जबाब.