मराठी मजकुराच्या डेटाबेसचे स्थलांतर : वर्णसंकेतनाची समस्या व उपाय

प्रस्तावना :
सर्व्हर बदलताना डेटाबेस नव्या ठिकाणी नेणे हे वरकरणी केवळ नक्कल करण्याचे काम वाटते. परंतु जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसमधील सुवाच्य मराठी मजकूर स्थलांतरानंतर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसू शकतो. वर्षानुवर्षांच्या नोंदी त्यामुळे निरुपयोगी ठरण्याचा धोका असतो. प्रस्तुत लेखात या समस्येची कारणमीमांसा व उपाय मांडले आहेत.

समस्येचे स्वरूप :
यूटीएफ-८ या संकेतन पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. 'मराठी' या शब्दात काना व वेलांटी धरून ५ चिन्हे, म्हणजेच १५ बाइट असतात. मायएसक्यूएलच्या ५.७ पर्यंतच्या आवृत्त्यांत लॅटिन-१ हा पूर्वनिर्धारित वर्णसंच होता. त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर असते. साहजिकच तक्ता व जोडणी दोन्ही लॅटिन-१ असल्यास हा शब्द १५ युरोपीय अक्षरे म्हणून नोंदला जातो. वाचताना तेच बाइट जसेच्या तसे परत मिळत असल्याने पडद्यावर मराठी शुद्ध दिसते व दोष झाकलेला राहतो.

२०१८ मध्ये आलेल्या ८.० या आवृत्तीपासून यूटीएफ-८ एमबी-४ हा वर्णसंच पूर्वनिर्धारित झाला. स्थलांतरासाठी नेहमीच्या पद्धतीने नक्कल काढताना ती १५ अक्षरे पुन्हा यूटीएफ-८ मध्ये रूपांतरित होतात. परिणामी १५ बाइटचा शब्द ३१ बाइटचा होतो आणि दडलेला दोष उघड होतो.

उपाययोजना :
१) केवळ 'मराठी' एवढाच मजकूर असलेल्या नोंदीची अक्षरसंख्या व बाइटसंख्या स्थलांतरापूर्वी मोजावी. ती अनुक्रमे ५ व १५ असल्यास साठवण योग्य आहे. अक्षरसंख्याही १५ आल्यास दोष आहे असे समजावे.
२) सदोष रकाना प्रथम अनुरूप बाइनरी प्रकारात व त्यानंतर यूटीएफ-८ एमबी-४ वर्णसंचाच्या मजकूर प्रकारात बदलावा. थेट रूपांतर केल्यास चूक पक्की होते.
३) ही प्रक्रिया मूळ डेटाबेसवर न करता त्याच्या प्रतीवर करावी.

निष्कर्ष :
विचित्र युरोपीय अक्षरे दिसत असल्यास मूळ मजकूर बहुधा परत मिळवता येतो. मात्र अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हेच साठवली गेली असतील, तर मूळ बाइट नष्ट झालेले असतात व जुनी प्रत हाच एकमेव आधार उरतो. म्हणूनच नव्या सर्व्हरवरील मजकुराची पडताळणी पूर्ण होईपर्यंत जुना सर्व्हर पुसून टाकू नये.