घरातली सहाबारी

शस्त्र परवाना हातात पडलेला माणूस दुकानात शिरतो आणि पहिल्याच वाक्यात म्हणतो, ‘‘नाइन एमएम दाखवा.’’ सिनेमांनी एवढं एक नाव सगळ्यांना पाठ करून दिलंय. दुकानदार नुसता हसतो, कारण ते त्याला विकताच येत नाही. 9 एमएम, .38, .45, .303 ही लष्कराची आणि पोलिसांची मापं. कायद्याच्या भाषेत ‘प्रतिबंधित बोअर’. त्यांचा परवाना केंद्रीय गृहमंत्रालयाच्या हातात असतो आणि सामान्य नागरिकाच्या वाट्याला तो सहसा येत नाही. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात तो अप्रतिबंधित बोअरचा. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत व्यवहारात त्याचा अर्थ .32, क्वचित .22.

ही मेख इंग्रजांची. 1857 नंतर त्यांनी धसकाच घेतला होता. 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार परवान्याला बांधलं गेलं. पुढे छावणीतून चोरलेलं काडतूस गावातल्या बंदुकीत बसूच नये, असा विचार मापांतही शिरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .450 बोअरच्या रायफली हिंदुस्थानात आणायला बंदी झाली, तेव्हा वाघ-हत्तींच्या मागे फिरणाऱ्या साहेबांसाठी विलायती कारागिरांना .470 सारखी नवी मापं काढावी लागली. स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला, 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला. मापांची ही विभागणी मात्र तशीच राहिली. त्यामुळे अमेरिकेत स्थायिक झालेला एखादा चुलतभाऊ ‘अमुक घे, तमुक घे’ असं सांगू लागला तर ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं. त्याच्यापुढे भिंतभर पर्याय असतात. आपल्यापुढे बत्तीस.

पण या बत्तीसमध्येही दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि इथेच नवखा माणूस फसतो. एक .32 एस अँड डब्ल्यू लाँग. हे 1896 पासूनचं रिव्हॉल्व्हरचं काडतूस. पुंगळी लांब, बुडाला बाहेर आलेली कड, मूळची गोळी शिशाची आणि गोल टोकाची, वजन साधारण 6.3 ग्रॅम. दुसरं .32 एसीपी, म्हणजेच 7.65 एमएम. हे जॉन ब्राउनिंगने 1899 मध्ये पिस्तुलासाठी काढलं; पुंगळी आखूड, गोळी तांब्याच्या कवचाची, सुमारे 4.6 ग्रॅमची, पण वेगाने जरा जास्त. दुकानात नुसतं ‘बत्तीसची काडतुसं द्या’ म्हणून भागत नाही. हत्याराच्या नळीवर काय कोरलंय ते वाचायचं आणि तेच नाव पूर्ण उच्चारायचं. एसीपीचं काडतूस काही लाँगच्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिरतं, म्हणून ते चालतं असं सांगणारे ‘जाणकार’ भेटतात. त्यांच्या नादी लागू नये.

आपल्याकडच्या काडतुसाच्या बुडावर बहुधा ‘केएफ’ ही अक्षरं दिसतात. पंचनाम्यांच्या बातम्यांतही ती वाचायला मिळतात. ती पुण्याच्या खडकीची खूण: 1869 मध्ये सुरू झालेला तिथला दारूगोळा कारखाना. 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, त्यातली दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया लिमिटेड; तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे.

बत्तीसची ताकद बेताची. दोन्ही काडतुसांच्या गोळीची ऊर्जा साधारण 150 ते 175 ज्यूल. 9 एमएमची 450 च्या पुढे. अमेरिकेत 1986 च्या मायामी चकमकीनंतर एफबीआयने घालून दिलेला दंडक असा, की गोळी जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान 12 इंच गेली पाहिजे आणि 18 च्या पलीकडे जाऊ नये. त्या मोजपट्टीमुळे तिकडे टोकाला खड्डा असलेली, आत शिरल्यावर पसरणारी गोळी घरासाठी पसंत केली जाते. ती पसरते, म्हणून आरपार जाऊन पलीकडच्याला लागण्याची भीती कमी. गंमत म्हणजे पसरणाऱ्या गोळीला ‘दमदम’ हे नाव मिळालं ते कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यामुळे. 1899 च्या हेग जाहीरनाम्याने ती युद्धात निषिद्ध ठरली. नागरी वापराशी त्या जाहीरनाम्याचा संबंध नाही. आपल्याकडे मात्र घरगुती ग्राहकाच्या हाती मुख्यतः साधी गोल टोकाचीच गोळी लागते. तेव्हा बत्तीस दुबळी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. विटांच्या जाड भिंतीपुढे तिचं काही चालत नाही, पण प्लायचा दरवाजा, खिडकीची काच, जिप्समचं पार्टिशन यांतून ती पलीकडे जाते. आणि फ्लॅटमध्ये पार्टिशनच्या पलीकडे बहुतेक वेळा आपलीच मुलं झोपलेली असतात.

आता रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? माझं मत स्पष्ट आहे: घरासाठी, आणि रोज हत्यार न हाताळणाऱ्या माणसासाठी, रिव्हॉल्व्हर. आपल्या भाषेतली सहाबारी. सिलिंडर उघडलं की सहाही घरं डोळ्यांसमोर येतात. भरलेलं की रिकामं याबद्दल शंकाच उरत नाही. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. पिस्तूल सपाट, सुटसुटीत आणि आठ गोळ्या घेणारं असलं तरी त्याची एक खोड जिवावर बेतणारी आहे. मॅगझीन काढून ठेवलं की माणसाला वाटतं, झालं रिकामं; पण एक गोळी नळीच्या मागच्या घरात बसलेलीच असते. साफसफाई करताना गोळी सुटल्याच्या बातम्यांत बरेचदा हीच कथा असते. शिवाय स्लाइड मागे खेचायला मनगटात जोर लागतो. घरात सत्तरीचे आजोबा परवानाधारक असतील तर हे दुकानातच, रिकाम्या हत्यारावर करून पाहावं.

कानपूरच्या सरकारी कारखान्यातली जुनी .32 रिव्हॉल्व्हर ब्रिटिश वेब्ली घराण्यातली: वरची कळ दाबली की मधोमध मोडते आणि पुंगळ्या आपोआप वर येतात. 2014 मध्ये आलेली ‘निर्भीक’ त्याच वळणाची, टायटॅनियम मिश्रधातूची, 500 ग्रॅमची. महिलांसाठी म्हणून तिची जाहिरात झाली आणि किंमत होती 1,22,360 रुपये. त्या किमतीत किती महिलांचं संरक्षण होणार होतं हा प्रश्न तेव्हाही अनेकांनी विचारला. 2023 मध्ये कानपूरहूनच ‘प्रबल’ आली. तिचं सिलिंडर बाजूला उघडतं आणि वजन सुमारे 700 ग्रॅम. हलकं हत्यार खिशाला बरं, पण झटका जास्त देतं. घरातल्या हत्याराला वजन असलेलं चांगलं. जुनी मोडती रिव्हॉल्व्हर हस्तांतरणाने घेणार असाल तर नळी धरून हलवून पाहा. वरच्या कुलपात खडखड जाणवली तर कितीही स्वस्त असली तरी नको.

हत्यार ठेवायचं कुठे, हा खरा अवघड भाग. उशीखाली नाही, कपाटात साड्यांच्या घडीखाली तर नाहीच. घरातल्या पोरांना आणि कामाला येणाऱ्यांना ती जागा आपल्याआधी माहीत असते. भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने आवळलेली छोटी तिजोरी घ्यावी, आकड्यांच्या कुलपाची. काडतुसं वेगळ्या कप्प्यात. घरात कोणी दारूच्या आहारी गेलं असेल किंवा नैराश्याचे उपचार घेत असेल, तर हत्यार घेण्याचा विचार सोडून द्यावा, असलेलं पोलिसांकडे किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावं. परवानगीच्या कोट्यातली काही काडतुसं दरवर्षी अधिकृत रेंजवर झाडावीत. पुंगळ्या जपाव्यात, वापरलेल्या काडतुसांचा हिशेब द्यावा लागतो.

कायद्याचंही एक ध्यानात असू द्यावं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमं स्वसंरक्षणाचा हक्क सांगतात. जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात केलेली घरफोडी अशा प्रसंगी तो हक्क जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. पण 37 व्या कलमाची मर्यादा त्याला आहेच: गरजेपेक्षा जास्त इजा नको, आणि पोलिसांची मदत मिळवायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. गच्चीवरून पळणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी स्वसंरक्षणात बसवणं कोणत्याही वकिलाला जड जाईल. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी तर 2019 च्या दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं राहिली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर गेली.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यातून हत्यार जमा करण्याची नोटीस येते. सिंधुदुर्गातले शेतीसंरक्षण बंदुकीवाले दर वेळी त्यावरून कुरकुरतात, कारण नेमकी तेव्हाच माकडं आणि रानडुकरं बागेत उतरतात. घराच्या रक्षणाचाही तोच हिशेब: ज्या महिना-दीड महिन्यात सहाबारी ठाण्यात असते, तेव्हा घर राखतात ते दार, कडी, उजेड, शेजारी आणि 112 हा क्रमांक. म्हणून आधी त्यांची सोय करा. ती झाल्यावरही गरज वाटली, तर .32 लाँगची वजनदार रिव्हॉल्व्हर आणि बोल्टची तिजोरी दोन्ही एकाच दिवशी घरी आणा. तिजोरीला पैसे उरत नसतील तर रिव्हॉल्व्हरही घेऊ नका.