मुठीएवढा रणगाडा

छोट्या प्लास्टिक रणगाड्यांत १:७२ आणि १:७६ ही दोन प्रमाणे रूढ आहेत. एअरफिक्स कंपनीने १९६१ मध्ये पँथर, शर्मन आणि चर्चिल हे आपले पहिले रणगाडे १:७६ मध्ये काढले. ओओ मापाच्या खेळण्यातल्या रेल्वेशी ते जुळत. तामिया कंपनीने रुळवलेले १:३५ हे प्रमाण कुठल्याही शास्त्रातून आलेले नाही. पँथरच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून ते ठरले. तरीही त्याहून लहान ते पोरखेळ, असे मानणारी मंडळी आहेत. नवशिक्याचे पहिले काम हातून पुरे होणे महत्त्वाचे, आणि ते छोट्या मापात होते.

रणगाडा कोणता निवडावा, यावर मात्र वाद हवाच. दुकानात गेलेला प्रत्येक जण जर्मन टायगर उचलतो. महाराष्ट्रातल्या हौशी माणसाला सेंच्युरियन जास्त जवळचा असायला हवा. पूना हॉर्स रेजिमेंटने १९६५ आणि १९७१ ची युद्धे याच रणगाड्यावर लढली. मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल तारापोर आणि पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल हे दोघेही परमवीर सेंच्युरियनवरचे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत खेतरपालांकडे असलेला ‘फामागुस्ता’ पुढे दुरुस्त करून नगरच्या आर्मर्ड कोअरच्या केंद्रात ठेवला गेला. त्याच नगरचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून उघडे आहे. दुसऱ्याच्या तयार मॉडेलचे फोटो पाहून रंगवण्यापेक्षा तिथला खरा सेंच्युरियन चारही बाजूंनी पाहून यावा.

१:७६ मधला सेंच्युरियन तोफ सोडून सुमारे १० सेंटिमीटर भरतो. भाग चौकटीतून पिळून तोडायचे नाहीत, निप्परने थोडे लांबून कापायचे आणि उरलेला कोंब कानशीने, मग पॉलिश पेपरने घासायचा. सिमेंट म्हणून मिळणारे द्रावण पॉलिस्टायरीन विरघळवते, त्यामुळे दोन भाग चिकटत नाहीत, एकजीव होतात. एक थेंब पुष्कळ होतो. सेंच्युरियनला प्रत्येक बाजूला सहा चाके आहेत. ती सपाट फरशीवर टेकवून सुकवली की गाडी लंगडत नाही.

खरी परीक्षा ट्रॅकची. जुन्या किटमधले मऊ ट्रॅक पॉलिथीनचे. त्यांना सिमेंट लागत नाही आणि रंग धरत नाही, वाकवले की पोपडे सुटतात. टोकाच्या खुंट्या भोकांतून काढून तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने चपट्या कराव्या लागतात. जरा जास्त टेकला की खुंटी वितळून गेलीच. सेंच्युरियनचे बाजूचे पत्रे वरचा ट्रॅक झाकतात, म्हणून जोड तिथे लपवता येतो. टी-५५ या रणगाड्यात ही सवलत नाही. त्याला वरचे रूळ नाहीत, ट्रॅक थेट चाकांवर लोळतो. तो तसा लोळलेला दिसला नाही तर बाकी काम वाया. पहिल्या आणि दुसऱ्या चाकातली मोठी फटही राखायला हवी, तीच त्याची ओळख.

रंगाच्या बाबतीत उरण, न्हावा शेवा या समुद्रकाठच्या पट्ट्यातल्या दमट हवेचा विचार केल्याशिवाय चालत नाही. पावसाळ्यात लॅकर मारले की ओल धरून पांढरट साय येते, आणि इनॅमल वाळता वाळत नाही. ब्रशने पातळ दोन हात द्यावेत. ०.२ मिलिमीटरचा थर या प्रमाणात दीड सेंटिमीटरचा लेप ठरतो. डिकल म्हणजे खुणांची चिकटचित्रे कोमट पाण्यात भिजवून, चकचकीत वॉर्निशवर बसवावेत. यापुढे गंज आणि चिखल यांचे हल्ली जे स्तोम माजले आहे ते नवशिक्याने सोडून द्यावे. फौजेतला रणगाडा धुतलाही जातो.

किटच्या किमतीचे दुखणे मात्र धुऊन जाणारे नाही. १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा शेवा बंदरातून आलेला माल ज्या जकात शीर्षकाखाली मोडतो, त्यात खेळणी आणि लघुरूप मॉडेले एकत्रच आहेत. मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. देशी खेळणी उद्योगाला त्याचा लाभ झाला असेल, पण परदेशातून येणारे किट त्यात भरडले गेले. ज्यांच्या माळ्यावर न उघडलेले खोके धूळ खात पडले आहेत, त्यांनी त्यातला एखादा सेंच्युरियन शेजारच्या पोराला देऊन टाकावा.