चिप विकत, अवजार कोणाचे?

मायक्रोकंट्रोलर विकत घेतला म्हणजे काम झाले असे नसते. सी भाषेतला प्रोग्रॅम यंत्रभाषेत उतरवणारा कंपायलर, तो चिपमध्ये भरणारा प्रोग्रॅमर आणि चुका शोधून देणारा डीबगर हाताशी लागतात. ही अवजारे दीर्घकाळ महागड्या परवान्यांत अडकलेली होती. आपल्याकडे 8051 हा मायक्रोकंट्रोलर शिकलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना कील कंपायलरची मोफत आवृत्ती आठवत असेल. 2 किलोबाइटपुढचा प्रोग्रॅम ती घेत नसे.

ही कोंडी फुटली ती मुख्यतः एव्हीआर या मायक्रोकंट्रोलरमुळे. नॉर्वेतील ट्रॉनहाइमच्या आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या विद्यार्थ्यांची ही रचना ॲटमेल कंपनीने बाजारात आणली. तिच्यातले 32 रजिस्टर सी कंपायलरला सोयीचे होते. स्वयंसेवकांनी जीसीसी हा मुक्त कंपायलर एव्हीआरसाठी घडवला. सोबत एव्हीआर-लिबसी ही सी लायब्ररी आणि चिपमध्ये प्रोग्रॅम भरणारा एव्हीआरड्यूड आले. सविस्तर डेटाशीट खुल्या नसत्या, तर हे काम अशक्यच होते. पुढे ॲटमेलने याच जीसीसीला आपल्या अधिकृत साधनसंचात स्थान दिले. 2005 मध्ये इटलीतील इव्रेया येथे जन्मलेला आर्डुइनो बोर्ड याच पायावर उभा राहिला. मुंबईच्या आयआयटीतील ई-यंत्र प्रकल्पाचा फायरबर्ड रोबोही एव्हीआरवरच चालला.

पिक मायक्रोकंट्रोलर बनवणाऱ्या मायक्रोचिपची वाट वेगळी होती. 8-बिट पिकमध्ये एकच कार्यरत रजिस्टर आणि तुकड्यांत विभागलेली स्मृती. जीसीसीला ही रचना मानवत नाही. पण 32-बिट पिकसाठीचा एक्ससी32 कंपायलर जीसीसीवरच बेतलेला होता. तरीही कोड आटोपशीर व वेगवान करणाऱ्या वरच्या पायऱ्या अनेक वर्षे सशुल्क परवान्यामागे राहिल्या. समाजाने घडवलेल्या कंपायलरवर असे कुलूप लावणे मला अन्यायाचे वाटते. 2016 मध्ये याच मायक्रोचिपने ॲटमेल विकत घेतली.

इतर कंपन्यांचे मार्ग वेगळे. एस्प्रेसिफ कंपनीने आपल्या ईएसपी32 चिपसाठीचा आयडीएफ हा विकाससंच अपाचे परवान्याखाली खुला केला. मात्र वायफायचा गाभा तयार बायनरी स्वरूपातच मिळतो. रास्पबेरी पायने 2021 मध्ये आरपी2040 चिप आणताना एसडीके (विकाससंच) आणि चिपमधल्या बूटरॉमचा स्रोतही प्रसिद्ध केला. त्या चिपवरच्या चार डॉलरच्या पिको बोर्डामागे एवढे उघडे ज्ञान होते.

या उदाहरणांतून मुक्त अवजारांना कंपनीने दिलेल्या पाठिंब्याची कसोटी हाती येते. मोफत डाउनलोड हा पाठिंबा नव्हे. कंपनी ते उद्या बंद करू शकते. डेटाशीट आणि प्रोग्रॅमिंगचे नियम पूर्ण प्रसिद्ध करणे, आपल्या सुधारणा जीसीसीसारख्या मूळ प्रकल्पात परत पाठवणे आणि तो सांभाळणाऱ्या माणसांना पगार देणे, हा खरा पाठिंबा. यात कंपनीचाही फायदा आहे, कारण विद्यार्थी ज्या चिपवर शिकतो तीच पुढे कारखान्यात मागतो.

आपल्या महाविद्यालयांनी प्रयोगशाळेसाठी चिप निवडताना किमतीच्या जोडीला एवढे विचारावे: कंपनी उद्या बुडाली, तरी याचा कंपायलर आम्हाला स्वतः बांधता येईल का? होकार मिळेल तीच चिप मुलांच्या हाती द्यावी.