हँडब्रेक खूप वर येतोय? केबलला हात शेवटी लावा

आजचा भाग मागच्या डिस्क ब्रेकवर आणि त्याला जोडलेल्या हँडब्रेकवर.

हँडब्रेक ओढताना आधी पाच-सहा 'कट्' ऐकू यायचे, आता दहा येतात. अशा वेळी बरेचदा केबलचा नट आवळून देतात. हँडब्रेक लगेच घट्ट लागतो, आपण खूश! पण माझं म्हणणं असं की केबल हे शेवटचं काम, पहिलं नाही.

का? पुढच्या कॅलिपरचा पिस्टन फक्त ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे येतो. मागे बऱ्याच गाड्यांत एकाच पिस्टनला दोन कामं असतात. पेडल दाबलं की त्याला ऑइल ढकलतं. हँडब्रेक ओढला की केबल कॅलिपरवरचा छोटा लिव्हर फिरवते आणि आतला स्क्रू पिस्टनला ढकलतो. पॅड झिजतील तसा हा स्क्रू आपोआप थोडा थोडा ॲडजस्ट होतो. पण त्यासाठी हँडब्रेक सोडल्यावर लिव्हर पूर्ण मागे यायला हवा. केबल जास्त ताणली तर तो मध्येच अडकतो. मग ॲडजस्टर चालत नाही, पॅड डिस्कला घासत राहतात, चाक तापतं. आणि मूळ दुखणं, म्हणजे संपलेले पॅड किंवा जाम झालेला लिव्हर, झाकलं जातं. हे कळतं कधी? उतारावर गाडी सरकायला लागल्यावर!

तर बरोबर क्रम असा. गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, आणि मग हँडब्रेक सोडलेला. नुसत्या जॅकवर काम करायचं नाही, खाली स्टँड हवाच. कॅलिपर काढला की तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या होजवर लटकवू नका. पॅडचं मटेरियल ३ मिमीच्या आसपास आलं असेल तर दोन्ही बाजूंचे पॅड एकदम बदला. आतला पॅड जास्त आणि बाहेरचा कमी झिजलाय? मग कॅलिपरच्या स्लाइड पिन बघा. त्या साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा स्क्रूवाला पिस्टन क्लॅम्प लावून सरळ दाबायचा नाही. तो टूलने फिरवत फिरवत आत घालायचा. कुठल्या दिशेने, ते मॅन्युअल सांगतं. जोर लावला तर आतली यंत्रणा तुटते.

इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर गाडी आधी सर्व्हिस मोडमध्ये टाका, म्हणजे मोटर स्क्रू मागे घेते. काही गाड्यांत डिस्कच्या मधल्या भागात हँडब्रेकचे वेगळे छोटे शू असतात. तिथे पॅड बदलून हँडब्रेक सुधारणार नाही, शूच ॲडजस्ट करावे लागतात.

सगळं बसवलं की गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. ऑइलची पातळी बघा. हँडब्रेक काही वेळा ओढा, सोडा. दोन्ही लिव्हर पूर्ण मागे येतायत ना, चाकं मोकळी फिरतायत ना, हे तपासा. एवढं करूनही 'कट्' जास्त येत असतील, तर आता खुशाल केबल आवळा, मॅन्युअलमध्ये दिलेत तेवढ्या 'कट्'पर्यंत.

गाडी गॅरेजमध्येच देत असाल तर एकच प्रश्न विचारा: "केबल आवळण्याआधी मागचे पॅड आणि लिव्हर बघितले का?"

भेटू पुढच्या भागात!