दुरुस्तीनंतर ऑइल प्रेशर का पडते

इंजिनातला पंप ऑइल ढकलतो, प्रेशर तयार करत नाही. ढकललेल्या ऑइलला बेअरिंगच्या बारीक फटींतून वाट काढावी लागते, त्या अडवणुकीतून प्रेशर उभे राहते. म्हणून ट्रक घरच्या घरी उघडून पुन्हा बांधल्यावर काटा खाली राहिला, की पहिला संशय पंपावर घेणे बहुधा चुकीचे ठरते. दुरुस्तीआधी प्रेशर ठीक असेल, तर बिघाड जे उघडले त्याच्या आसपासच असतो.

टाटाच्या ६९७ इंजिनाचे उदाहरण सोयीचे आहे. त्याच्या नावातच सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर आहे. क्रँकला सात मेन बेअरिंग आणि सहा कनेक्टिंग, म्हणजे तेरा ठिकाणी ऑइल बाहेर पडते. कॅमचे बुश आणि रॉकर वेगळे. या फटी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायच्या. फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट नव्हे, सुमारे आठपट होते. एकच बेअरिंग सैल बसले तरी सगळ्या इंजिनाचे प्रेशर का बसते, ते यावरून कळते.

काटा उठला नाही तर इंजिन लगेच बंद करावे. ‘रेस दिली की येईल’ हा सल्ला नवी बेअरिंग खाऊन टाकतो. मग डिपस्टिक पाहावी. पातळी कमी असणे समजण्यासारखे आहे. ती भरल्यापेक्षा वाढलेली दिसली तर ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी उतरत आहे. डिझेल वासावरून आणि बोटांना लागणाऱ्या पातळपणावरून ओळखू येते, पाण्याने ऑइल दुधाळ होते. ऑइल जास्त भरले असेल तर क्रँक ते घुसळतो, आणि फेस पंपाला नीट ढकलता येत नाही.

पुढची पायरी कंटाळवाणी वाटते, पण सर्वांत जास्त मेहनत तीच वाचवते. डॅशबोर्डच्या काट्याला प्रेशर कळवणारा सेंडर काढून त्याच भोकात साधे यांत्रिक मीटर लावावे. एका वायरचा सेंडर आपल्या आट्यांतूनच अर्थिंग घेतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप जाड गुंडाळली की अर्थिंग तुटते आणि डॅशबोर्डवरचा काटा वाटेल ते दाखवतो. इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर उतरवल्यानंतर दोष वायरमध्ये होता हे कळणे फार महाग पडते.

यांत्रिक मीटरही शून्यावर असेल तर पंप हवा चावत असण्याची शक्यता मोठी. कोरडा बसवलेला पंप ऑइल ओढत नाही. बसवतानाच त्याच्या गिअरमध्ये ऑइल किंवा पेट्रोलियम जेली भरावी लागते. ग्रीस नको, ते वितळत नाही आणि वाटा बुजवते. जुन्या यांत्रिक डिझेल पंपाच्या गाडीत स्टॉपची तार ओढून धरून, थांबून थांबून सेल्फ मारला तर इंजिन न पेटता ऑइल वर चढते.

शून्य नाही पण कमी आहे, अशा वेळी काटा केव्हा पडतो यावरून दिशा मिळते. आयडलला ठीक आणि रेस वाढवताच पडत असेल, किंवा थरथरत असेल, तर सक्शनची बाजू पाहावी. चेंबरच्या पॅकिंगला लावलेले जादा सिलिकॉन आत दबून तुटते आणि जाळीवर जाऊन चिकटते. सक्शन पाइपच्या जोडातून हवाही शिरू शकते. अमेरिकेत घरी दुरुस्त होणाऱ्या शेव्हरोले पिकअपच्या एलएस जातीच्या इंजिनांत या पाइपची ओ-रिंग चिमटली जाणे किंवा चुकीच्या मापाची बसणे हा नेहमीचा दोष आहे. तिथे थोडे जादा ऑइल भरून पाहतात. जोड ऑइलखाली बुडाला की हवा थांबते आणि काटा उठतो.

थंड असताना उत्तम आणि तापल्यावर आयडलला पडते, ही तक्रार सर्वांत जास्त येते. १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांपेक्षा १०० अंशांवर सात-आठपट पातळ होते, त्यामुळे सैल फट तेव्हाच उघडी पडते. हाफ इंजिनच्या कामात हे हमखास घडते. पिस्टन, लायनर, रिंगा नव्या येतात, क्रँक मात्र जुनाच राहतो, आणि झिजून अंडाकृती झालेल्या जर्नलवर नवी स्टँडर्ड बेअरिंग चढतात. क्रँक दहावर, म्हणजे ०.२५ मिलिमीटर घासून आला आणि बेअरिंग स्टँडर्डच पडली, तर ती सगळी तफावत फटीत जमा होते. कॅप एकमेकांच्या जागी गेल्या किंवा उलट्या बसल्या तरी फट बिघडते.

अशा वेळी रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे वॉशर घालण्याचा उपाय अनेक जण सुचवतात. आयडलला हा व्हॉल्व्ह मुळात बंदच असतो, त्यामुळे तिथे वॉशरने काही फरक पडत नाही. कचऱ्याने तो उघडा अडकला असेल तर गोष्ट वेगळी. मग तो काढून धुवावा. २०डब्ल्यू-५० ऑइल टाकल्याने काटा उठेल, फट तेवढीच राहील.

चेंबर उतरवावाच लागला तर एक जुनी चाचणी उपयोगी पडते. सेंडरच्या भोकातून, हवेचा दाब दिलेल्या टाकीतून गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेत, ऑइल सोडायचे आणि खाली बॅटरी धरून पाहायचे. ठीक बेअरिंगमधून थेंब पडतात, मोजता येतील असे. सैल बेअरिंगमधून सलग धार लागते. एखादे बेअरिंग कोरडे राहिले तर बहुधा त्याचे वरचे-खालचे अर्धे भाग उलटे बसून भोक झाकले गेले आहे. हा दोष प्रेशर मीटर कधीच दाखवत नाही, उलट काटा चांगलाच दिसतो. ब्लॉक धुताना काढलेला गॅलरी प्लग परत बसवायचा राहिला असेल, तर बेअरिंगांपासून दूर, भलत्याच जागी ओघळ दिसतो.

दोष काढल्यावर फिल्टर आणि ऑइल दोन्ही नवीन घालावे. फिल्टर बदलताना जुनी रबर रिंग ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. दोन रिंगांवर घट्ट केलेला फिल्टर प्रेशर आले की ऑइल ओकतो. पहिल्या काही तासांनंतर तो कापून कागद उलगडावा. काळा गाळ चालतो. तांबूस कण चमकले तर बेअरिंगचा वरचा थर गेलेला आहे, आणि काटा काहीही दाखवत असला तरी चेंबर पुन्हा उतरवावा लागतो.