रजा संपते, पान्हा संपत नाही

रायगडावर दूध विकायला गेलेल्या हिरकणीची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हे बाळ असल्याने ती कडा उतरून गेली. एसटी स्थानकांवर स्तनदा मातांसाठी असलेल्या ‘हिरकणी कक्षा’चे नाव त्यावरूनच पडले. मात्र बाळंतपणाची रजा संपवून कामावर परतलेल्या अनेक जणींना स्वतःच्या कंपनीत असा कोपरा मिळत नाही. मग टॉयलेटमध्ये उभे राहून दूध काढायचे, ते फेकून द्यायचे किंवा अंगावरचे दूधच बंद करायचे, एवढेच पर्याय उरतात. काही जणी नोकरीच सोडतात.

दुधाचे गणित मागणी-पुरवठ्याचे असते. बाळ चोखते तेव्हा आईच्या मेंदूतील पीयूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरके रक्तात येतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते, तर ऑक्सिटोसिनमुळे पान्हा फुटतो. स्तन वेळेवर रिकामे झाले नाहीत, तर दूधनिर्मिती मंदावते. दूध साचून छाती दाटते, गाठी होतात, कधी स्तनदाह होऊन तापही येतो. ताण, घाई किंवा संकोच असेल तर पान्हा फुटायला वेळ लागतो. त्यामुळे कडी लागणारी खोली ही चैन नसून शरीराची गरज आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे आणि पुढे वरच्या आहारासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ते सुरू ठेवावे. आपल्याकडे १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये सुधारणा झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. त्यातील काही आठवडे प्रसूतीपूर्वीच घेतले, तर बाळ सहा महिन्यांचे होण्याआधीच आईला कामावर यावे लागते.

पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आले पाहिजे, असे कायदा सांगतो. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज दोन जादा सुट्याही मिळतात. कामाचे स्वरूप पाहून रजेनंतर काही काळ घरून काम करण्याचे परस्पर संमतीने ठरवता येते. या सोयींची माहिती नेमणुकीच्या वेळीच लेखी देणे मालकावर बंधनकारक आहे.

बाळ कामाच्या जागेजवळ नसेल, तर साधारण दर तीन तासांनी १५-२० मिनिटे दूध काढावे लागते. त्यासाठी एक खुर्ची, विजेचा सॉकेट, हात धुण्याची सोय आणि छोटा फ्रिज पुरतो. काढलेले दूध २५ अंश तापमानापर्यंत सुमारे चार तास, तर फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. आपल्या उन्हाळ्यात ते लगेच फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पिशवीत ठेवावे. देताना डबा कोमट पाण्यात ठेवावा. मायक्रोवेव्ह वापरू नये.

खोलीइतकाच महत्त्वाचा असतो साहेबाचा दृष्टिकोन. वार्षिक मूल्यमापनात रजेचे महिने ‘काम कमी’ म्हणून मोजले गेले किंवा ‘घरी लहान मूल आहे’ म्हणून मोठी जबाबदारी परस्पर दुसऱ्याला दिली, तर बढती मागे पडते. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिले आहे, की स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतील दरी प्रामुख्याने पहिल्या अपत्यानंतर रुंदावते. म्हणून रजेवर जाण्यापूर्वीच परतल्यानंतरचे काम लेखी ठरवावे, कामाचे मोजमाप हजर असलेल्या महिन्यांवरच करावे आणि जबाबदारी देताना तिला विचारावे.

हिरकणीच्या धाडसाचे कौतुक करताना एक गोष्ट विसरायला नको: दरवाजा उघडा असता, तर तिला कडा उतरावाच लागला नसता.